दिल्ली दरवाजा काय सांगतो?

वास्तू बोलतात, असे आपण नेहमी म्हणतो. पण त्यांची भाषा शिकण्याचे कष्ट क्वचितच घेतो. गडकिल्ल्यांच्या बाबतीत ही उणीव गेल्या काही दशकांत बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडसारख्या वनवासी गावातला शाळकरी मुलगाही आज रायगड, प्रतापगड, सिंहगड ही नावे सहज सांगतो. त्या गडांवर काय घडले, हेही त्याला ठाऊक असते. परंतु ज्या वास्तू आपल्या पूर्वजांनी नव्हे, तर त्यांच्या शत्रूने उभारल्या, त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर काय पाहावे आणि सोबतच्या मुलांना काय सांगावे, याविषयी आपल्या समाजात अजूनही मोठा संभ्रम आहे. छत्रपती संभाजीनगरचा दिल्ली दरवाजा हे या संभ्रमाचे ठळक उदाहरण होय.

आपल्या भागातून निघणाऱ्या सहलींचेच पाहा. डहाणू-तलासरीकडची बस जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर करीत नाशिकला पोहोचते आणि तेथून पुढे संभाजीनगर गाठते. मग घृष्णेश्वराचे दर्शन, वेरूळची लेणी, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा आणि पाणचक्की, असा ठरलेला क्रम असतो. मकबऱ्यापुढे ‘ही ताजमहालाची नक्कल’ एवढे एक वाक्य ऐकवले जाते आणि मंडळी पुढे सरकतात. शहराचे जुने दरवाजे बसच्या खिडकीतून दिसतात आणि मागे पडतात. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ ही ओळख सर्वांना तोंडपाठ. पण त्यांपैकी एका तरी दरवाजापुढे थांबून तो कोणी, केव्हा आणि मुख्य म्हणजे का बांधला, हा प्रश्न विचारणारा विरळाच.

असे का होते? याला दोन टोकाच्या धारणा कारणीभूत आहेत. एक धारणा म्हणते, ‘ही गुलामगिरीची चिन्हे, ती पाहायची कशाला?’ दुसरी धारणा त्याच दरवाजाकडे पाहून ‘काय ती मुघल कला!’ म्हणत माना डोलावते आणि त्या कलेमागची सत्ता, तिचे युद्ध, तिचा खर्च आणि तो भागवणारा रयतेचा घाम सोयीस्करपणे विसरते. वरवर पाहता या दोन्ही धारणा परस्परविरोधी. पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोघींनीही तो दरवाजा वाचलेला नाही.

भीतीने घातलेला बांध

या शहराचा इतिहास थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी या गावाजागी हे नगर वसवले. पुढे शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, तेव्हा १६५३ साली त्याने या नगराला स्वतःचे नाव दिले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, नाव दिल्यावरही जवळजवळ तीन दशके त्याला शहराभोवती तट बांधण्याची गरज वाटली नाही. साम्राज्याच्या दख्खनमधील राजधानीवर कोणी चालून येईल, हा विचारच त्या दरबाराला शिवला नसावा.

ही निश्चिंतता कोणी मोडली? त्याचे उत्तर आपल्या डहाणू-जव्हारच्या वाटेवरच आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवछत्रपती याच जव्हारच्या मुलखातून सुरतेकडे गेले. जव्हारजवळच्या शिरपामाळावर तेथील राजाने महाराजांचा सन्मान केला, ही परंपरा या परिसरात आजही आदराने सांगितली जाते. सुरत हे मुघलांचे सर्वात श्रीमंत बंदर. पण शहराचे संरक्षण करणारा पक्का तट नव्हता. महाराजांच्या त्या स्वारीनंतर औरंगजेबाने सुरतेला विटांचा पक्का तट बांधण्याची आज्ञा दिली. तरीही ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे पुन्हा सुरतेत शिरले.

पुढे १६८० साली महाराजांचे निधन झाले. आता दख्खनचा प्रश्न सुटला, असे दिल्लीला वाटले असेल, तर तो भ्रम फार काळ टिकला नाही. संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, जानेवारी १६८१ मध्ये, मराठी फौज बुऱ्हाणपुरावर जाऊन आदळली. तेथे तटाबाहेरचे बहादूरपुरा हे संपन्न उपनगर तिच्या हाती लागले. बुऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठितांनी थेट बादशहाकडे गाऱ्हाणे नेले. सप्टेंबर १६८१ मध्ये औरंगजेब अजमेरहून निघाला, बुऱ्हाणपूरला थांबला आणि मार्च १६८२ मध्ये स्वतःचे नाव दिलेल्या शहरात येऊन पोहोचला. त्याच १६८२ सालात शहराभोवती तट उभा राहिला. चार दिशांना चार मुख्य दरवाजे आले. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का अर्थात आजचा मकाई दरवाजा.

हा घटनाक्रम डोळ्यांसमोर ठेवून दिल्ली दरवाजापुढे उभे राहावे. मध्ये टोकदार कमान, दोन्ही अंगांना पुढे आलेले बुरूज, माथ्यावर कंगोऱ्यांची रांग आणि मारा करण्यासाठी ठेवलेल्या जंग्या. हे केवळ शोभेचे काम नव्हे. कमानीतून आत शिरू पाहणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी मारा व्हावा, अशी ही योजना आहे. ती कोणाविरुद्ध होती, हे सांगायला वेगळ्या शिलालेखाची गरज नाही. मोठ्या तोफा घेऊन महिनोन्महिने वेढा देणाऱ्या सैन्याची ही तयारी नाही. अवचित येणाऱ्या, वाऱ्यासारखा छापा घालून निघून जाणाऱ्या घोडदळाला अडवण्याची ही तयारी आहे. थोडक्यात, दिल्ली दरवाजा हा मराठ्यांच्या घोड्यांच्या टापांना दिलेला मुघल प्रतिसाद आहे.

जगातील एका बलाढ्य सम्राटाला आपल्याच नावाच्या शहराला कुंपण घालावे लागले, याहून मोठे प्रशस्तिपत्र मराठ्यांना कोण देणार? आणि ते आपल्या बखरकाराने नव्हे, खुद्द शत्रूने, दगडात लिहून दिलेले आहे!

दोन दरवाजे, एक्याऐंशी वर्षे

हे वाचन अधिक स्पष्ट व्हावे म्हणून याच राजवंशाच्या दुसऱ्या दरवाजाकडे पाहू. आग्र्याजवळच्या फत्तेपूर सिक्रीचा बुलंद दरवाजा जगप्रसिद्ध आहे. लाल दगडात उभारलेला, संगमरवराची जडणघडण ल्यालेला, पायऱ्यांच्या पायथ्यापासून सुमारे ५४ मीटर उंचीचा हा दरवाजा अकबराच्या वैभवाचे शिखर मानला जातो. गुजरातच्या विजयाशी त्याची उभारणी जोडली जाते. तो पाहून आलेली मराठी कुटुंबे त्याच्या उंचीचे वर्णन रंगवून करतात. परंतु त्यावरील फारसी लेखात आपला खानदेश आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते?

अकबराने जानेवारी १६०१ मध्ये असिरगड घेतला आणि खानदेशचे स्वतंत्र राज्य संपवले. शाहजादा दानियालच्या नावावरून त्या प्रांताला ‘दानदेश’ असे नाव दिले गेले. या दक्षिण विजयाची नोंद बुलंद दरवाजावर कोरलेली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हा आपला मुलूख त्या भव्य कमानीवर जिंकलेला प्रदेश म्हणून नोंदवला गेला आहे. त्याच दरवाजावर ‘जग हा पूल आहे, त्यावर घर बांधू नये’ अशा अर्थाचे, येशूच्या तोंडी घातलेले वचनही कोरलेले आहे. विजयाचा डंका आणि वैराग्याचा उपदेश एकाच कमानीवर! आणि ज्या नगरीच्या माथ्यावर हा दरवाजा उभा आहे, तेथून अकबराचा दरबार १५८५ सालीच हलला होता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

आता या दोन दरवाजांची तुलना करा. बुलंद दरवाजाला लढाऊ बुरूज नाहीत. तो कोणाला अडवण्यासाठी नाही, तर येणाऱ्याने मान वर करून दिपून जावे म्हणून आहे. ती वास्तू आत्मविश्वासाने सांगते, ‘आम्ही जिंकले.’ दिल्ली दरवाजा बुरुजांच्या आड उभा राहून म्हणतो, ‘ते येतील.’ बुलंद दरवाजावरील १६०१ चा विजयलेख आणि १६८२ चा हा तट यांमध्ये अवघी ८१ वर्षे आहेत. वंश तोच, साम्राज्याचा खजिना आणि विस्तार तर पूर्वीपेक्षा अधिक. मग विजयाची भाषा बोलणारा दरवाजा संरक्षणाची भाषा का बोलू लागला? या दोन दरवाजांच्या मध्ये शिवाजी महाराज उभे आहेत, हेच त्याचे उत्तर.

ही गोष्ट भाषणात सांगितली, तर टाळ्या मिळतील. पण मुलाला दोन्ही दरवाजांची चित्रे शेजारी ठेवून ‘फरक शोध’ असे सांगितले, तर तो स्वतः या निष्कर्षापर्यंत येईल. स्वतः शोधलेले सत्य आयुष्यभर टिकते.

शत्रूला लहान करू नये

अलीकडे अभ्यासक्रमांत इतिहासाची मांडणी बदलली आहे. राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकात २०१७ पासून मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला, हे योग्यच झाले. महाराष्ट्रातील मुलाने प्रथम महाराष्ट्र समजून घ्यावा. मात्र या उत्साहात मुघलांचा उल्लेखच नकोसा होऊ लागला, तर आपण नकळत आपल्याच पूर्वजांवर अन्याय करू. समोरचा पहिलवान किती ताकदीचा होता, हे सांगितल्याशिवाय कुस्ती मारणाऱ्याचे कौतुक कसे कळणार?

औरंगजेब १६८२ मध्ये या शहरात आला, तो पुन्हा उत्तरेत परतला नाही. त्याने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवला. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजांना हालहाल करून मारले. त्याच वर्षी रायगड पडला, पुढे १६९८ मध्ये जिंजी पडली. एकेक घाव असा की, दुसरे कोणतेही राज्य नामशेष झाले असते. तरीही राजाराम महाराज, संताजी, धनाजी आणि महाराणी ताराबाई यांनी लढा विझू दिला नाही. पंचवीस वर्षे झुंजून ३ मार्च १७०७ रोजी अहिल्यानगरजवळ भिंगार येथे बादशहाचा अंत झाला. त्याचे दफन खुलताबादला झाले. दिल्ली दरवाजापासून ते ठिकाण सुमारे २५ किलोमीटरवर आहे. ज्याला सारा दख्खन जिंकायचा होता, त्याच्या स्वारीचे एक टोक या दरवाजाशी आणि दुसरे त्या उघड्या, साध्या कबरीशी आहे.

आणि पुढे? दरवाजाला दिल्लीचे नाव आहे. कारण येथून निघणारी वाट उत्तरेला जाते. औरंगजेबाच्या मृत्यूला तीस वर्षे झाली, तेव्हा, मार्च १७३७ मध्ये, बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे होते. उत्तरेकडून दक्षिणेवर येणाऱ्या स्वाऱ्यांचा प्रवाह आता उलट्या दिशेने वाहू लागला होता. हा सारा पट उलगडण्यासाठी आरंभाची एक जागा लागते. ती जागा म्हणून दिल्ली दरवाजाइतकी योग्य वास्तू दुसरी नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून जो वाद उसळला आणि नागपुरात जी दंगल झाली, ती या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. संताप समजण्यासारखा आहे. ज्यांच्या राजाला हालहाल करून मारले गेले, त्यांच्या वंशजांच्या मनात कळ उठणारच. परंतु प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर महाराजांच्या काळापासून आहे. पराभूत शत्रूची खूण आपल्या भूमीत ठेवण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही. विजेत्याला पुरावा नको असेल, हे संभवतच नाही. पुरावा नष्ट व्हावा, असे हरलेल्याला वाटू शकते. आपण हरलेल्यांचे वंशज नाही, मग पुरावा का पुसावा?

नाव बदलले, जबाबदारी वाढली

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या संमतीने या शहराला अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झाली. पण नामांतराने काम संपले असे नाही, किंबहुना ते तेथून सुरू झाले. ज्या संभाजीराजांच्या धास्तीने हा तट घातला गेला, त्यांचेच नाव आज त्या शहराला आहे. इतिहासाने घडवलेला हा न्याय समजायचा असेल, तर तटाचा उरलासुरला अंश आणि त्याचे दरवाजे उभे असायला हवेत. दरवाजे पडले, तर नावामागची कथा सांगायला केवळ फलक उरेल.

आजची स्थिती काय आहे? तट बहुतांशी नाहीसा झाला आहे. बावन्नांपैकी मोजकेच दरवाजे शिल्लक आहेत. स्मार्ट सिटी योजनेतून काहींची डागडुजी झाली, ही समाधानाची बाब. पण वाहनांचा धूर, धक्के, कमानीवर लटकणारे फलक आणि भिंतीच्या आडोशाने होणारी घाण यांचा उपाय केवळ निधीत नाही. तो नागरिकांच्या दृष्टीत आहे. आपल्यापैकी जे स्वतःला इतिहासाभिमानी म्हणवतात, त्यांच्याच उत्सवांचे आणि वाढदिवसांचे फलक या दरवाजांना झाकत असतील, तर तो अभिमान कसला?

याच शहरात भडकल दरवाजाही आहे. तो मुघलांचा नव्हे. मुघलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने १६१२ साली तो उभारला. याच मलिक अंबरच्या निजामशाहीत वेरूळचे मालोजीराजे आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तलवार गाजवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध लढले, त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. दिल्लीच्या सत्तेला दख्खनने विरोध केला, तो शिवकाळाच्या आधीपासून. त्याला स्वराज्याचे अधिष्ठान आणि रयतेचे बळ मिळाले ते शिवरायांमुळे. एकाच शहरात मुघलांवरील विजयाचा दरवाजा आहे आणि मुघलांच्या धास्तीचाही. अशी जोडी आणखी कोठे पाहायला मिळेल?

गंजाडच्या मुलांना काय द्यावे?

प्रश्न पडेल की, डहाणूच्या डोंगरपट्ट्यातील मुलांना या दगडी दरवाजांचे काय? याचे उत्तर गंजाडच्याच भूमीत आहे. हे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचे गाव. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. वारली घरात लग्न निघाले की सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी विराजमान होते. त्या भिंतीवर अक्षर नसते. तरीही सारे काही लिहिलेले असते. ज्या समाजाला भिंत वाचता येते, त्याच्या मुलांना दरवाजा वाचायला शिकवणे अवघड नाही. शहरी मुले पाटी वाचून पुढे जातात. ही मुले आकार पाहतील. बुरूज बाहेर का आला, जंग्या कोठे रोखलेल्या आहेत, वाट कोठे आवळते, हे त्यांना लवकर दिसेल.

म्हणून आपल्या भागातील शिक्षक, कार्यकर्ते आणि पालक यांच्यापुढे एक साधा प्रस्ताव ठेवावासा वाटतो. संभाजीनगरच्या सहलीत एक दिवस या दरवाजांना द्यावा. सकाळी भडकल दरवाजा, नंतर दिल्ली दरवाजा. प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा तास थांबावे. मुलांना चित्र काढू द्यावे. मग तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी बांधला? कोणाला दाखवण्यासाठी किंवा कोणाला अडवण्यासाठी बांधला? आणि त्याचा हेतू साधला का? दुपारी खुलताबादवरून वेरूळला जावे. मालोजीराजांनी जीर्णोद्धार केलेल्या आणि पुढे अहिल्याबाई होळकरांच्या पुण्याईने उभ्या राहिलेल्या घृष्णेश्वरापुढे दिवसाची सांगता करावी. परतीच्या वाटेवर जव्हारला सुरत-स्वारीची आठवण सांगावी, म्हणजे आपल्या डोंगरातली वाट आणि बादशहाचा तट यांचे नाते मुलांच्या मनात पक्के होईल.

यासाठी वेगळा खर्च नाही, परवानगी नाही. सहल नेणाऱ्याने आदल्या रात्री दोन तास वाचन करावे लागेल, एवढेच. आणि आणखी एक पथ्य पाळावे लागेल. जे ठाऊक आहे तेच सांगावे. प्रत्येक कमानीखाली भुयार आणि प्रत्येक वास्तूखाली दडलेली कथा सांगण्याचा मोह आवरावा. आपला इतिहास इतका समर्थ आहे की, त्याला दंतकथेच्या कुबड्या लागत नाहीत. एक खोटी गोष्ट सांगितली गेली आणि उद्या मुलाने ती पारखून पाहिली, तर त्याचा आपल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडेल.

स्वाभिमान म्हणजे शत्रूच्या वास्तूकडे पाठ फिरवणे नव्हे. आणि उदारता म्हणजे तिच्यापुढे भारावून उभे राहणे नव्हे. ताठ मानेने तिच्यासमोर उभे राहावे, तिच्या दगडाचा अर्थ लावावा, तो पुढच्या पिढीच्या हाती सोपवावा. ज्या समाजाला आपल्या विजयाचे पुरावे वाचता येतात, त्याला ते जपावेसेही वाटतात. दिल्ली दरवाजा साडेतीनशे वर्षे होत आली तरी मराठ्यांची साक्ष देत उभा आहे. ती साक्ष ऐकायला आपण आणि आपली मुले त्याच्यापुढे थांबणार की नाही, एवढाच प्रश्न उरतो.